शौकतमामांचं कार्टून

शौकतमामांना ‘गुड मॉर्निंग’पलीकडे इंग्रजी येत नव्हतं, आणि आमच्या आख्ख्या आळीला एक इंग्रजी कार्टून मालिका त्यांनीच समजावून सांगितली.

दौंडात तेव्हा केबल नुकती घरोघर आली होती. मालिका पार पुढच्या काळातली. एक खटारा अंतराळयान, त्यावरची तीन डोळ्यांची कप्तानबाई आणि एक कामचुकार रोबो. सगळे फाडफाड इंग्रजी बोलायचे. मामा मालगाडीचे गार्ड म्हणून रिटायर झालेले, आमच्या भिंतीला भिंत लागून राहायचे. रविवारी दुपारी त्यांच्या टीव्हीपुढे आळी जमायची.

“हां, आयका आता. ह्यो भानुदास.” रोबोचं बारसं मामांनीच केलं. “ह्यो म्हनतोय, बाई, आज ड्युटी लावू नका, माझा गुडघा गंजलाय.”

यान अडकलं की मामा सांगायचे, “शनीला सिग्नल न्हाई. गाडी औटरला उभी हाय.”

मी शाळेपुरतं इंग्रजी शिकलेली. एकदा न राहवून म्हटलं, “मामा, ती बाई फक्त ‘दार लाव’ म्हणाली.”

“व्हय, म्हनली. पन मनात काय व्हतं तिच्या?”



मामांच्या गोष्टीत त्या बाईचे तिन्ही डोळे अधू होते. खिडकीबाहेर काय दिसतंय ते भानुदास तिला सांगायचा. आणि काम आलं की म्हणायचा, “बघू पुढल्या ग्रहावर!” हे वाक्य गावभर झालं. वायरमन तेच म्हणायचा, रेशनवालाही तेच. एका रिक्षाच्या पाठीवर ते रंगवलेलं मी स्वतः पाहिलंय. सासूबाईंनी कार्टून कधी बघितलं नाही, पण दिरासाठी स्थळ घेऊन आलेल्या गृहस्थांना त्यांनी “बघू पुढल्या ग्रहावर” असं सांगून टाकलं. मुलाला कडक मंगळ आहे, अशी बातमी पाटसपर्यंत गेली.

पुढं मालिका हिंदीत आली आणि सगळा घोटाळा झाला. कप्तानबाईला मैलभर लांबचं दिसत होतं. रोबो कुणाला काही सांगत नव्हता, नुसता झोपा काढत होता. रिक्षावाला म्हणाला, “मामा, तुमी तर गाडीच दुसऱ्या रुळावर नेली की वो!” सगळे हसले. मामाही हसले. पण पुढच्या रविवारी त्यांचं दार लोटलेलं होतं. ज्यानं त्यानं आपापल्या घरी हिंदी लावलं.

एका रविवारी मी पुरणपोळ्या घेऊन गेले. मामा आत चहा टाकत होते. मामी खाटेवर बसल्या होत्या. मामा रिटायर झाले त्याच साली काचबिंदूनं मामींचे डोळे गेले होते. समोर टीव्ही चालू, पण आवाज बंद.

“मामी, हिंदीत लागलंय. आवाज लावू?”

“नगं गं.” त्यांनी माझा हात धरून खाली बसवलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, “मला काय हिंदी कळत न्हाई? आन् ह्येंना विंग्रजी येत न्हाई, ह्ये का ठावं न्हाई? पैल्या दिवशीच वळखलं, सगळं मनचं सांगत्यात.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“जल्म गेला ह्येंचा गार्डाच्या डब्यात, एकल्यानं. घरी आले तरी गप. माझं डोळं गेलं तवा तर पार मुके झाले. शेजारी बसायचे, हात धरायचे, पन तोंडातून शबूद न्हाई. ह्ये कार्टून लागलं, आन् मानूस बोलाया लागला.”

मामा चहा घेऊन आले. मला बघून जरा ओशाळले. मामी म्हणाल्या, “सांगा की. कुठवर आली गाडी?”

मामांनी घसा खाकरला. “आता उतरलेत. जमीन समदी निळी हाय...”

तेवढ्यात वीज गेली. पडदा काळा झाला. मामांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग बशीत चहा ओतून मामींच्या हातात दिला.

“निळी हाय. आन् लांब एक झाड दिसतंय. भानुदास म्हनतोय, बाई, चला, तितवर चालत जाऊ.”

डोक्यावरचा पंखा कुरकुरत थांबला होता. मामींनी पदरानं कपाळ पुसलं.

“चला,” त्या म्हणाल्या. “झाड कसलं हाय?”