सहा सांधे आणि सासूबाईंचं टेबल

स्टेशनमास्तरांनी आयुष्यात कधी रेल्वेत नोकरी केली नव्हती. ते विम्याच्या कचेरीत कारकून होते. जेवणाच्या टेबलावर प्लायवूडची मोठी फळी टाकून त्यांनी तिच्यावर खेळण्यातली रेल्वे मांडली (खेळण्यातली म्हटलेलं त्यांना खपत नसे, ‘मॉडेल’ म्हणावं लागे), तेव्हापासून कचेरीत त्यांना हे नाव पडलं आणि घरात बायको ताट मांडीवर घेऊन जेवायला लागली.

गाडी देखणी होती. फक्त चालत नव्हती. म्हणजे सरळ रुळावर झकास चालायची, पण एका रुळाचे दोन फाटे फुटतात तो सांधा आला की इंजिन गपकन थांबायचं. सांध्याच्या मधोमध प्लॅस्टिकचा तुकडा होता, त्यातून वीज जाणार कशी? मग स्टेशनमास्तर बोटाने ढकलायचे. असे सांधे सहा. एका फेरीत गाडी विजेवर कमी आणि बोटावरच जास्त चालायची.

“अहो, रविवारी आई येतेय,” बायको म्हणाली. “तिच्यासमोर ही गाडी बोट न लावता एक फेरी पुरी करू दे, मग खुशाल राहू दे टेबलावर. नाहीतर फळी माळ्यावर. आईनं हौसेनं दिलेलं टेबल आहे ते.”

“एवढंच ना?” स्टेशनमास्तर म्हणाले. (लग्न ठरलं तेव्हाही ते हेच म्हणाले होते.)

काम तसं सोपं होतं. प्लॅस्टिकचे तुकडे कापून काढायचे, तिथे पितळेचे बसवायचे आणि प्रत्येकाला खालून तार जोडून वीज द्यायची. पहिली तार सोल्डर करताना बोट भाजलं, दुसरीच्या वेळी पडदा. तिसरीपासून हात बसला. आता तारा फळीखाली उतरवायला भोकं पाडायची होती. खरं तर त्यासाठी फळी उचलून बाजूला घ्यायला हवी. पण तिला दोन माणसं लागत. दुसरं माणूस म्हणजे बायको, आणि तिला हाक मारायची म्हणजे आपल्याला एकट्याला जमत नाही हे कबूल करायचं. छे!

ती दवाखान्यात ड्युटीवर गेल्यावर त्यांनी जागच्या जागी ड्रिल लावलं. भुसा आधी पांढरट आला, मग तांबूस यायला लागला. ‘वा! प्लाय भारीतलं दिसतंय. आत सागवान घातलंय लेकाच्यांनी,’ असं म्हणत त्यांनी आणखी जोर लावला. सहाही भोकं अगदी सुरेख पडली. मग त्यांनी पहिली तार खाली सोडली, आणि ती थेट त्यांच्या गुडघ्याला लागली.

स्टेशनमास्तर टेबलाखाली वाकले. वर बघितलं, आणि तिथेच फरशीवर बसले. सासूबाईंचं टेबल आरपार गेलं होतं.

आता गाडीचं काय व्हायचं ते होवो, ही फळी टेबलावरून हलता कामा नये. आणि फळी हलायची नसेल तर गाडी धावलीच पाहिजे. त्यांनी तारा टेबलाच्या खालूनच ठोकून पक्क्या केल्या आणि फळीच्या कडेने खाली लांब टेबलक्लॉथ सोडला. बायको म्हणाली, “नीटनेटकं दिसतंय हो.” त्यांनी टेबलक्लॉथ आणखी थोडा खाली ओढला.

रविवारी सासूबाई आल्या. खुर्ची ओढून फळीसमोर बसल्या. स्टेशनमास्तरांनी हात पाठीमागे बांधले आणि बायकोने बटण दाबलं.

गाडी निघाली. पहिला सांधा, दुसरा, तिसरा. कुठे अडखळली म्हणून नाही! सहावा ओलांडून ती स्टेशनात येऊन उभी राहिली, तेव्हा स्टेशनमास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं सुख त्यांना बढतीच्या वेळीही झालं नव्हतं.

“जिंकलात बाई तुम्ही!” बायको मनापासून म्हणाली. तिला खरंच अभिमान वाटला होता, आणि घात झाला तो तिथेच. “आई, एवढी छान गाडी इथे कोपऱ्यात कशाला? बाहेरच्या खोलीत मांडू या. येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल. धरा हो ती बाजू.”

“नको! म्हणजे... रुळांना हवा बाधते.”

“काहीतरीच तुमचं! सरका जावईबापू, मी धरते,” म्हणत सासूबाईंनी पदर खोचला. मायलेकींनी फळी उचलली. फळी वीतभर वर आली आणि तिच्यामागोमाग टेबलही यायला लागलं.

“अगंबाई! हे का येतंय?” सासूबाईंनी टेबलक्लॉथ बाजूला करून खाली वाकून पाहिलं. मग आणखी वाकून पाहिलं. बायकोनेही पाहिलं.

“आई, चुकलो,” स्टेशनमास्तरांना कसंबसं बोलता आलं. “तुम्ही इतक्या प्रेमानं दिलेलं टेबल. कसंही करून भरून काढतो मी.”

सासूबाई कंबरेवर हात ठेवून उठल्या. त्यांच्या चेहऱ्यावर रागाचा मागमूस नव्हता.

“जाऊ द्या हो. मला हे टेबल पहिल्या दिवसापासून डोळ्यासमोर नको होतं. हे म्हणायचे, टाकून देऊ. मी म्हटलं, थांबा जरा. पोरीचं लग्न व्हायचंय अजून, मिळेलच कुणीतरी!”