किलवर अठ्ठी प्रलंबित

काम करणं कोणालाही जमतं, बैलही करतो. काम थांबवायला मात्र शिक्षण लागतं, अनुभव लागतो आणि कुलपाचं एक कपाट लागतं. परवाना कार्यालयाकडे या तिन्ही गोष्टी मुबलक होत्या. म्हणूनच आंतरविभागीय बदाम-सात स्पर्धेचा चषक सलग नऊ वर्षं त्यांच्याच कपाटात मुक्कामाला होता. (कपाटाची किल्ली सहा वर्षांपूर्वी हरवली. चषक आत असावा, असा अहवाल आहे.)

बदाम सात आपण सगळेच लहानपणी आजारी पडल्यावर खेळलेलो असतो. बदामाची सत्ती पडली की डाव सुरू. मग एकेका रंगाची सत्ती लावायची, तिच्या खाली छक्की, वर अठ्ठी, असं क्रमाने चालू. ज्याचा हात आधी रिकामा झाला तो जिंकला. म्हणजे एखाद्या बहाद्दराने अठ्ठी दाबून धरली, की त्या रंगाची नव्वी, दश्शी, गुलाम, राणी आणि खुद्द राजासुद्धा दुसऱ्यांच्या हातात ताटकळत बसतात. बाकीच्या जगाला हा खेळ शिकावा लागतो. परवाना कार्यालयात तो नोकरीवर रुजू होताच यायला लागायचा.

आता घरी खेळताना पत्ता हातात असून 'पास' म्हटलं तर बहीण झिंज्या उपटते. स्पर्धेच्या नियम समितीने मात्र या प्रश्नाचा अकरा बैठकांमध्ये सखोल विचार केला आणि नियम क्रमांक तेवीस तयार झाला: 'पत्ता हातात असणे आणि तो टाकण्याची मनःस्थिती असणे या दोन स्वतंत्र बाबी आहेत, सबब पहिली असून दुसरी नसल्यास पास म्हणता येईल.' पण कारभार पारदर्शक हवा, म्हणून खाली पोटनियमही जोडला. प्रेक्षकांपैकी कोणीही नुसता हात वर करून, अडलेला पत्ता अमक्याकडे आहे, असं सांगावं. खरं निघालं तर तो खेळाडू जागच्या जागी बाद. खेळाडूंना आणि त्यांच्या नातेवाइकांना तेवढी ही मुभा नाही, कारण ते हितसंबंधी. गेल्या नऊ वर्षांत आलेल्या हरकती: शून्य. खेळ किती स्वच्छ चालतो, हे यावरून कोणाच्याही लक्षात यावं.

कार्यालयाचे हुकमी खेळाडू म्हणजे मुख्य लिपिक बघूकाका. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण चौतीस वर्षांत समोर आलेल्या प्रत्येक माणसाला त्यांनी मोठ्या मायेने 'बघू' असं सांगितलं होतं, आणि बघितलं एकदाही नव्हतं. त्यांच्या ट्रेमध्ये एकूण अर्ज एक हजार एकशे सेहेचाळीस. पैकी कागदपत्रं अपुरी असलेले शून्य. अपुरा अर्ज काय, कोणीही अडवेल. पूर्ण अर्ज अडवायला जो पीळ लागतो तो काकांकडे होता, आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान होता. घरी बायको मीठ द्या म्हणाली तरी ते बरणीवर हात ठेवून जरा वेळ बसायचे.

यंदा वरून परिपत्रक आलं, की स्पर्धा लोकाभिमुख करा. लोक म्हणजे कोण, यावर थोडी चर्चा झाली. शेवटी दाराशी रांगेत सगळ्यांत पुढे उभ्या असलेल्या बाईला आत बोलावून लोकसहभाग पूर्ण करण्यात आला.

ती टेलरबाई. तिची दोन मशिनं, एक गाळा, आणि जोडीला धाकटी जाऊ. दुकानाच्या परवान्याचा तिचा अर्ज चौदा महिने बघूकाकांच्या ट्रेमध्ये होता. शनिवारपर्यंत परवाना भिंतीवर लागला नाही तर मालक गाळा एका मोबाइलवाल्याला देणार होता. हे ती चौदा महिन्यांत कार्यालयातल्या प्रत्येक टेबलाला सांगून चुकली होती आणि प्रत्येक टेबलाला ऐकून फार वाईट वाटलं होतं.

खरा घोळ केला मोठ्या साहेबांनी. उद्‌घाटनाचं भाषण करताना ते स्वतःच्याच भाषणाने गहिवरले आणि म्हणाले, "जो जिंकेल त्याने कुठलाही एक पडून असलेला अर्ज सांगावा. मी तिथल्या तिथे सही करीन!" आवक-जावकच्या कारकुनाने खुर्चीचा आधार घेतला. आज एक अर्ज निघाला, उद्या दोन निघतील, मग लोकांना सवय लागली तर निस्तरायचं कोणी?

टेलरबाईने पहिल्या फेरीत लेखा विभाग गारद केला, दुसऱ्या फेरीत अभिलेख कक्ष. तिचं तंत्र काही फार थोर नव्हतं. कुठला पत्ता कोणाकडे अडकलाय, हे तिला तोंडपाठ असायचं. चौदा महिने तिने दुसरं केलं होतं काय?

अंतिम सामना शुक्रवारी सकाळी अकराला. दारावर सूचना लागली: 'सामन्यानिमित्त कामकाज नेहमीप्रमाणे बंद राहील.' टेबलाला चौघं बसले: बघूकाका, टेलरबाई, भांडारपाल आणि एक तपासनीस. शेवटच्या दोघांबद्दल सांगण्यासारखं काही नाही, ते स्वतःही कधी काही सांगत नसत. प्रेक्षक म्हणून रांगेतली चाळीस माणसं आत घेतली. तीन बाजूंना कपाटं, त्यामुळे चाळीसच्या चाळीस जण बघूकाकांच्या पाठीशी दाटीवाटीने उभे राहिले. त्यात काकांना जवळचं दिसत नाही आणि चष्मा लावायला ते तयार नाहीत, म्हणून ते पत्ते हात लांब करून धरत. थोडक्यात, त्यांचा हात चाळीस जणांना नीट वाचता येत होता. जाऊला मात्र टेलरबाईच्या मागे, कपाटाच्या फटीत उभं केलं होतं.

वाटप झालं आणि किलवर अठ्ठी बघूकाकांकडे आली. काकांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की बघणाऱ्याला वाटावं, नातवंड मांडीवर दिलंय. किलवर सत्ती पडली. काकांनी अठ्ठी हळूच कडेला सरकवली आणि बाकीचे पत्ते खेळायला घेतले.

तीन वाजता परिस्थिती पुढीलप्रमाणे होती. इस्पिक, बदाम, चौकट, सगळे लागून गेलेले. किलवर सत्तीपाशी अडलेली. तपासनिसाकडे गुलाम आणि राणी, भांडारपालाकडे दश्शी आणि राजा, टेलरबाईकडे एकटी नव्वी. आणि बघूकाकांकडे एकच पत्ता, अठ्ठी.

हुशार वाचकाच्या लक्षात आलंच असेल, की काकांनी ती अठ्ठी टाकली असती तर हात रिकामा, डाव खलास, चषक त्यांचा. पाळीही त्यांचीच होती. काकांनाही ते कळत होतं. त्यांनी पत्ता बोटभर पुढेसुद्धा केला. पण चौतीस वर्षांत त्यांनी हातचा कागद असा सरळ पुढे सरकवलेला नव्हता. बोटं ऐकेनात. हा सुटला तर मग आपल्याकडे कोण कशाला बघेल?

"पास," बघूकाका म्हणाले.

पुढचा दीड तास चौघांनी मिळून सहाशे बारा वेळा पास म्हटलं. (मोजणी: आवक-जावक विभाग.) शेवटी टेलरबाईने नव्वी उलटी ठेवली.

"काका, अठ्ठी तुमच्याकडे आहे."

"असेल."

"मग टाका ना! तुम्हीच जिंकाल."

"बघू."

तिने मान वर करून त्यांच्या पाठीमागे पाहिलं. "तुम्हा सगळ्यांना दिसतंय ना? मला बोलायची परवानगी नाही हो. कोणीतरी एकाने हात वर करा. फक्त एकाने. उद्या माझा गाळा जातोय."

चाळीस जणांना दिसत होतं. चाळीस जणांचे कागदही त्याच ट्रेमध्ये होते. बेकरीवाला पंख्याकडे पाहू लागला. रिक्षावाल्याला एकदम बुटाची नाडी बांधायची आठवण झाली. (त्याच्या पायात चप्पल होती.) नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या गुरुजींनी चष्मा काढून पुसायला घेतला, आणि पाच वाजेपर्यंत पुसला. एक हात वर गेला खरा, पण तो डोकं खाजवून खाली आला.

"अहो, बोला की! तोंड शिवलंय का सगळ्यांचं?" फटीतून जाऊ ओरडली. ती हितसंबंधी असल्यामुळे हे वाक्य कामकाजातून वगळण्यात आलं.

पाचला घंटा झाली. दोघांकडे एकेक पत्ता, म्हणजे बरोबरी. बरोबरीत निकाल सेवाज्येष्ठतेने. बघूकाकांची सेवा चौतीस वर्षं, टेलरबाईची शून्य. (रांगेतला काळ सेवेत धरत नाहीत.) साहेबांनी पेन उघडून विचारलं, "बोला काका, कोणाचा अर्ज?"

काकांनी टेलरबाईकडे पाहिलं. तिचा अर्ज ट्रेमध्ये डावीकडून सातवा होता. ते झोपेतही काढून देऊ शकले असते. पण सवयीप्रमाणे घसा खाकरून ते जे नेहमी म्हणतात तेच म्हणाले. साहेबांनी पेन बंद केलं.

टेलरबाई उठली. "चौदा महिने मला वाटत होतं, हे एकटेच अडवतायत," ती म्हणाली. मग जाऊला म्हणाली, "चल गं, मशिनं हलवायला हातगाडी बघावी लागेल." त्या दोघी दारापर्यंत पोचायच्या आत टाळ्या सुरू झाल्या होत्या. चाळीसही जण वाजवत होते. शेजारचा वाजवतोय म्हटल्यावर आपण कसं थांबणार?

तुम्हाला त्या चाळीस जणांची चीड आली असेल. यायलाच हवी, माणसंच तशी होती. मात्र नियमावलीत प्रेक्षक कोणाला म्हणावं, हे स्पष्ट दिलेलं आहे: 'जो सामना सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहतो आणि अडलेला पत्ता कोणाकडे आहे हे ज्याला ठाऊक असते, असा कोणीही.' तुम्हाला ते वाटप झालं तेव्हापासून ठाऊक होतं. मध्ये दोन-तीनदा हसलातही. त्यामुळे इतिवृत्तात नोंद अशी आहे: प्रेक्षक एकेचाळीस, हरकती शून्य. चाळीस सह्या झाल्या आहेत. खालची जागा तुमची आहे, तेवढी करून जा.