नांदेडच्या आत्याचा पंप

आमच्या निर्मलाताई आधी पायात घालतात आणि मग साडी नेसतात. तेही घरात, पुसलेल्या फरशीवर. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते, त्यामुळे सकाळी आमच्या स्लॅबवर टकटक सुरू झाली की मला कळतं, बाई अजून परकरावर आहेत पण पंप चढवून झालेत. एकदा मी वैतागून वर गेले, म्हटलं, ताई, निदान साडी नेसेपर्यंत तरी अनवाणी राहा. त्यांनी मलाच खाली बसवलं. अनवाणी नेसलेली साडी पंपावर आखूड होते, निऱ्या टाचेच्या मागे जमिनीला नुसत्या पुसायला हव्यात, आणि ते माप पायात घातल्याशिवाय कळत नाही. वर हेही ऐकवलं की माणसानं नटायचं ते पायापासून वर यायचं. "पायापासून वर या" हा त्यांचा मंत्र आहे.

पंप म्हणजे बायकांचा बूट, पुढून बंद, ना पट्टा ना बक्कल, मागे उंच टाच. आता निर्मलाताई मुळातच ताडमाड. आम्ही दोघी शिकवतो त्या शाळेच्या दारातून बाकीचे सगळे सरळ जातात, त्यांना वाकून जावं लागतं. अशा बाईनं वर आणखी चार बोटं उंची चढवायची, तीही पन्नाशी उलटल्यावर, तीही नांदेडात. लोकांनी नाकं मुरडली, मुरडून मुरडून दमले, बाई काही खाली उतरल्या नाहीत.

त्यांचे नियम ऐकाल तर थक्क व्हाल. सुती साडीवर टॅन, टाच बुटकी. पंजाबीवर टोकदार, पण घोटा दिसला पाहिजे, नाहीतर पंप कशाला घातला. काळ्या साडीवर काळा कधीच नाही, माणूस वकील दिसतो. आणि इरकलीवर मरून, बस्स, तिथे चर्चाच नाही. स्नेहसंमेलनाला मी पैठणी नेसून खाली रोजचीच सपाट चप्पल घालून गेले होते, तर भर फाटकात मला अडवून म्हणाल्या, "मीना, वर लग्न आणि खाली आठवडी बाजार?" त्या दिवसापासून मी पैठणी नेसायचीच सोडली. प्रार्थनेच्या मैदानावर त्या चालल्या की मागे भोकं पडत जातात. आमचे शिपाई मारुतीमामा म्हणतात, बाईंना एक चक्कर जास्त मारू द्या, त्या भोकांत कपाशीचं बी टोकून घेतो.

साडी मागा, देतील. दागिने मागा, देतील. इतर पंपही देतील, कुणाच्या पायाला आले तर. कारण त्यांचा पाय इतका मोठा की गावातल्या दुकानात बायकांच्या मापात मिळतच नाही. पण तो मरून जोड कुणी नुसता हातात घेतला तरी त्या काढून घ्यायच्या.

ह्या बाईंना मी वाकलेलं पाहिलंय, हे आता कुणाला खरं वाटणार नाही. त्यांचे यजमान देवरावसर आमच्याच शाळेत चित्रकला शिकवायचे. गोल, गुटगुटीत, आणि ताईंच्या खांद्याला जेमतेम लागतील एवढे. दोघं शाळेत यायला निघाले की पोरी म्हणायच्या, दहाचा आकडा आला. आणि आपला मराठी एक वाकलेलाच असतो. तशाच त्या चालायच्या, मान डावीकडे कलवून, पाठीत पोक काढून, पायात कागदाएवढी पातळ चप्पल. सर अचानक गेले, छातीत कळ येऊन. तेरावं झालं आणि ताई शाळेत आल्या त्या मरून पंप घालून, ताठ. मोठ्या बाई ऑफिसात बोलावून म्हणाल्या, हे शोभतं का. ताईंनी एवढंच सांगितलं, "नवरा गेलाय बाई, पाय गेले नाहीत."

ह्या वर्षी त्यांच्या भोकरच्या भावाच्या मुलीचं, वैशूचं लग्न ठरलं. पोरगी आत्यावर गेलेली, तश्शीच उंच, पायही तसाच. नवरदेव हिमायतनगरचा मास्तर, चांगला पोरगा, पण बुटका. वहिनींचा जीव टांगणीला लागला. सासरची माणसं उंचीवरून नाराज आहेत, म्हणून वैशूला सपाट चप्पल आणली आणि तिला वाकून उभं राहायची सवय लावायला घेतली. ताईंना निरोप आला, साध्या चपलेवर यायचं असेल तर या, तमाशा नको. त्याच दिवशी वैशूचा फोन आला. रडत होती. म्हणाली, "आत्या, तू पंप घालूनच ये. मांडवात एक तरी बाई सरळ उभी दिसू दे."

ताईंनी लगेच भावाला फोन लावला. भाऊ शेतात होता, वारा सुटलेला. ताईंनी ओरडून सांगितलं, लग्नाला मी पंप घेऊन... म्हणजे घालूनच येणार, कुणाला काय वाटायचं ते वाटो. भावाला पहिलं तेवढं ऐकू आलं. तो गहिवरला.

"आक्का, एवढा खर्च कामून करून राहिलीस? पाच एचपीचा हाय का साडेसातचा?"

ताईंना वाटलं, टाचेची चेष्टा चाललीय. त्या म्हणाल्या, आहे त्याहून उंच मिळाला तर तोही आणीन. झालं, नांदेडची आत्या विहिरीवर मोटार देणार म्हणून भोकरभर झालं.

लग्नाला मी बरोबर होते. इरकली, मरून पंप, आणि गाडीत बसल्यापासून बाई गप्प. बारडच्या पुढे गेल्यावर आपणहून बोलायला लागल्या. हा जोड सरांनी हैदराबादहून आणला होता. पायाचं माप त्यांनी ताई झोपलेल्या असताना ड्रॉइंगच्या कागदावर काढून नेलं होतं. "मी कधी घातलाच नाही गं. म्हटलं, लोक तुम्हाला हसतील. तर म्हणायचे, मला हसू दे की, तू सरळ चाल. प्रत्येक लग्नाला विचारायचे, आज घालतेस का? मी म्हणायची, पुढच्या वेळी."

मांडवात शिरलो तर पाव्हणे आमच्याकडे बघेनात, गाडीच्या मागे बघायला लागले, मोटार कुठे उतरवली म्हणून. वहिनींनी मात्र पायाकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. अक्षता पडल्या, नवरानवरी स्टेजवर उभी राहिली. वैशू गुडघ्यात वाकून, मान खाली, जणू काही चोरी केलीय. माइकवर आहेर पुकारणारा बापू जोरात होता: अमक्यांकडून पातेलं, तमक्यांकडून भिंतीवरचं घड्याळ. मध्येच म्हणाला, "नांदेडच्या आत्याबाईंकडून पंप!"

सगळा मांडव वळला. ताई क्षणभर गोंधळल्या. मग टकटक करत स्टेज चढल्या. खाली बसल्या, स्वतःच्या पायातले काढले आणि वैशूच्या पायात घातले. भावाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. ताई उठल्या, पोरीच्या पाठीवर हात ठेवला.

"आता पायापासून वर ये."

वैशू सरळ झाली. होत होत नवरदेवाच्या कितीतरी वर गेली. वरमाईचा चेहरा उतरला. नवरदेव खाली पंपाकडे बघत राहिला, मग ताईंना म्हणाला, "आत्या, असलेच माझ्या मापाचे मिळतेत का?" आधी तो हसला, मग वैशू, मग पार मागच्या खुर्च्यांपर्यंत हशा गेला. वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या का रडल्या, मला कळलं नाही.

मग घरच्यांचा फोटो. ताई टोकाला उभ्या राहिल्या, अनवाणी, साडी जमिनीवर लोळत होती. त्यांची मान नकळत डावीकडे कलली होती, पूर्वी कलायची तशी. फोटोग्राफर ओरडला, मॅडम, सरळ उभ्या राहा, आणि ती शेजारची मोकळी जागा भरा.

ताई सरळ झाल्या, पण सरकल्या नाहीत.

"राहू द्या ती जागा," त्या म्हणाल्या. "आणि कॅमेरा जरा खाली धरा. आमचे हे बुटके आहेत."