नेनेकाकांची डावखुरी रायफल

नेनेकाका कुठलीही वस्तू डोळे उघडे ठेवून विकत घेत नाहीत. दुकानात वस्तू हातात घ्यायची, डोळे मिटायचे आणि मग ती वापरून बघायची, ही त्यांची रीत. "डोळे दुकानदाराला फितूर असतात हो," असं त्यांचं म्हणणं. "हात आपले असतात."

सोफा घेताना ते डोळे मिटून इतका वेळ बसले की शेवटी तिथल्या मुलीनं पाण्याचा ग्लास आणून त्यांच्या खांद्याला हात लावला. इंडियन ग्रोसरीत कुकरचं झाकण डोळे मिटून लावत-काढत होते तेव्हा मागे रांग लागली. आणि मोटार घ्यायला गेले तेव्हा तर कहरच. ड्रायव्हरच्या सीटवर बसून, डोळे घट्ट मिटून ते वायपरचा दांडा चाचपत होते. सेल्समननं बराच वेळ बघितलं आणि मग फार अदबीनं विचारलं, "सर, गाडी तुम्हीच चालवणार आहात का?"

आम्ही अमेरिकेत, ईडन प्रेरीत राहतो, काका आमच्यापासून दोन घरं पलीकडे. पेसमेकर बनवणाऱ्या एका कंपनीत तपासणी विभागात त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्त झाले तरी तपासणी सुटली नाही. "ट्रायल घेतल्याशिवाय नाही" हे वाक्य त्यांच्या तोंडून दिवसातून दहादा तरी ऐकू येतं. मी विमा कंपनीत आकडेमोड करतो, म्हणून मोजमापाची वेळ आली की ते माझ्याकडे येतात. आमची मैत्री मुख्यतः टेपवर आणि वजनकाट्यावर उभी आहे.

तर एका जूनमधल्या संध्याकाळी काका आले, दारातच उभे राहिले आणि कोथिंबीर आणायला जावं तसं म्हणाले, "रायफल घ्यायचीय. येताय का?"

माझ्या बायकोच्या, वैशालीच्या हातून लाटणं पडलं.

कारण हा माणूस केकमध्ये अंडं आहे का हे विचारून मगच तोंडात घालतो. घरात कोळी निघाला तर कागदी कपात धरून त्याला बागेत सोडून येतो. बागेतला झेंडू हरणं येऊन खातात तेव्हा दार उघडून त्यांना "अहो, पुरे आता" असं म्हणतो. हरणांनाही अहो-जाहो.

"काका, शिकार करणार तुम्ही?" वैशालीनं विचारलं.

"मी कशाला करू? केतकी करते."

केतकी ही त्यांची एकुलती एक मुलगी. उत्तरेला, गाडीनं चार तासांवर, वनखात्यात नोकरी करते. नवरा एरिक तिकडचाच. त्याच्या घरचे सगळे दर नोव्हेंबरला जंगलातल्या केबिनमध्ये जमतात आणि शिकार करतात. वर्षभराचं मांस फ्रीझरमध्ये जातं. केतकीही त्यांच्यातलीच झाली आहे. सुमतीकाकू होत्या तोवर बाप-लेकीचं बोलणं काकूंच्या मार्फत चालायचं. "बाबा विचारतायत, टायर बदललेस का." "तिला सांग, बदलले." काकू गेल्यावर मधला माणूसच गेला. आता रविवारी फोन होतो. तिकडे बर्फ किती, इकडे बर्फ किती, की संपलं.

काकांनी खिशातून फोन काढला आणि मला एक व्हिडिओ दाखवला. केतकी नेमबाजीचा सराव करत होती. रायफल तिच्या सासऱ्यांची, जुनी.

"बघा हं. दस्ता डाव्या खांद्याला लावलाय. चाप डाव्या बोटानं ओढते. पण बोल्टचा, म्हणजे गोळी आत सारायच्या खिळीचा, दांडा उजवीकडे आहे. दर गोळीनंतर डावा हात सोडून, वरून पलीकडे नेऊन तो दांडा ओढावा लागतो. बघा, परत. आणि परत." ते फोनकडेच बघत होते. "उलट्या मशीनवर काम करतेय हो पोरगी."

"ती लेफ्टी आहे? पण जेवते तर उजव्या हातानं," वैशाली म्हणाली.

"जेवते, लिहिते. ते मी लावलं." काकांनी फोन बंद केला. "लहानपणी जेवताना मी मुद्दाम तिच्या डावीकडे बसायचो. तिचा डावा हात धरून ठेवायला. प्रसादाला डावा हात पुढे आला की चापट. सुमती म्हणायची, राहू द्या. मी म्हणायचो, चारचौघांत कसं दिसेल?"

मग उगाचच पँटची इस्त्री सारखी करत म्हणाले, "तर डावखुरी रायफल. बोल्टचा दांडा डावीकडे. दसऱ्याला केतकी येतेय, त्याआधी तयार पाहिजे. ती घेईल की नाही, माहीत नाही."

दुकानातल्या माणसाचं नाव रिक. छातीपर्यंत दाढी, त्याच्यामागे भिंतीवर मूस हरणाचं भलंमोठं मुंडकं. मुलीला भेट द्यायला विकत घेतली तर नियमात बसतं ना, हे मी आधी विचारून घेतलं. बसतं म्हणाला. मग त्यानं आम्हाला मांडणीच्या पार टोकाला नेलं. उजव्या हाताच्या रायफलींनी भिंत भरलेली, आणि डावखुऱ्यांसाठी एका कोपऱ्यात मोजून पाच.

काकांनी पहिली हातात घेतली आणि डोळे मिटले. मला वाटलं, आता रिक आम्हाला बाहेर काढणार. डोळे मिटलेल्या अवस्थेत काकांनी रायफल मूसच्या दिशेनं खांद्याला लावली, गाल दस्त्यावर टेकवला आणि मग डोळे उघडले.

रिक दाढी कुरवाळत म्हणाला, "हे तुम्हाला कोणी शिकवलं? माझे आजोबा अगदी असंच करायचे. डोळे मिटून खांद्याला लावायची, मग उघडायचे. रायफलीवरच्या दुर्बिणीत पूर्ण गोल दिसला तर रायफल आपली. मान हलवावी लागली तर दुसऱ्याची."

सबंध अमेरिकेत काकांच्या पद्धतीला मान्यता देणारा हा पहिला माणूस. घरी येताना गाडीत ते तीनदा म्हणाले, "बघा. आजोबा. अगदी असंच."

अडचण एवढीच होती की काका स्वतः उजवे. डावखुरी वस्तू उजव्या माणसानं कशी तपासायची? काकांनी त्यावर सरळ उपाय काढला. ते डावखुरे झाले. दात घासणं, कुलूप उघडणं, दाढी करणं, सगळं डाव्या हातानं. हनुवटीला पट्ट्या लागल्या. गणपतीच्या जेवणाला मंडळाच्या हॉलमध्ये, शंभर माणसांत, त्यांनी डाव्या हातानं वरण-भात कालवला आणि पहिला घास कुर्त्यावर घेतला.

समोर बसलेल्या जोशीकाकूंचा हात वाटीतच थांबला. "अहो नेने! डाव्या हातानं? नैवेद्याचं पान आहे!"

"ट्रायल चालू आहे," काका म्हणाले आणि दुसरा घास घेतला. चारचौघं बघत होते. काकांनी पान पूर्ण स्वच्छ केलं, ताकासकट.

अशी ट्रायल घेऊन काकांनी रिककडच्या पाचांतली एक पक्की केली. पण रायफल नुसती घेऊन भागत नाही, ती माणसाला बसवावी लागते. मुख्य माप म्हणजे दस्त्याच्या टोकापासून चापापर्यंतचं अंतर. ते हाताच्या लांबीवर ठरतं, कोपराच्या घडीपासून बोटापर्यंत. केतकीला विचारावं तर गुपित फुटणार. काकांनी कपाटातून तिचं शाळेतलं जाकीट काढलं. बाहीवर कोपराशी पडलेली घडी अजून तशीच होती. तिथून मनगटापर्यंत मी मोजलं, मग काकांनी मोजलं, पाव इंचाचा फरक आला, पुन्हा मोजलं.

"आता मनगट ते बोट," मी म्हटलं.

काकांनी स्वतःचा हात पुढे केला. "तिचा पंजा अगदी माझ्यासारखा आहे. फक्त लहान."

"किती लहान?"

ते आपल्या हाताकडे बघत राहिले. "माझ्या मुठीत पूर्ण मावायचा, तेव्हाचं माहितीय."

मी एक इंच कमी धरला. दस्त्याच्या मागे चकत्या घालून लांबी कमी-जास्त करता येते, असं रिकनं सांगितलं होतं, त्यामुळे चूक झाली तरी सुधारण्यासारखी होती.

दुर्बिणीवरून आमचा वाद झाला. काकांना लांबचं दिसणारी, मोठी, जड दुर्बीण हवी होती, चंद्रावरचे खड्डे मोजता येतील अशी. मी हिशोब मांडला. दाट झाडीत हरीण दिसलं तर शंभर यार्डांच्या आतच दिसणार. तिथे दूरच्या दुर्बिणीतून नुसती केसाळ पाठ दिसेल, पुढची की मागची ते कळायचं नाही. शिवाय वजन. काकांनी ते मानलं, पण वजनाचीही ट्रायल झालीच. रायफल, दुर्बीण, पट्टा धरून आठ पौंडांच्या आत बसत होतं. म्हणजे तूरडाळीची चार पौंडी दोन पाकिटं. ती पिशवीत घालून, पिशवी पट्ट्यानं खांद्याला अडकवून काका रोज सकाळी तळ्याला फेरी मारू लागले. एकदा शेजारच्या बाईंनी कुत्रा थांबवून विचारलं, हे काय? काका म्हणाले, "माझ्या मुलीची रायफल." त्या बाई तेव्हापासून तळ्याला उलट्या दिशेनं फिरतात.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, रायफल तयार झाली. दुर्बीण लेव्हल लावून बसवली होती. पाटावर लॅपटॉप, गाडीची किल्ली, काकूंची विळी, काकांची जुनी मापनयंत्रं आणि मधोमध रायफल. रायफल ठेवायची ती बोल्ट उघडा ठेवूनच, असं रिकनं बजावलं होतं. काडतूस घरात एकही नव्हतं, तरी काकांनी बोल्ट उघडाच ठेवला. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, हरणांनी खाऊन उरलेला झेंडू वाहिला. अक्षता सढळ हातानं टाकल्या. डाव्या.

दसऱ्याला केतकी आली. जेवणं झाल्यावर काकांनी रायफलची पेटी तिच्यापुढे सरकवली आणि स्वतः खिडकीतून बाहेर बघू लागले. तिनं झाकण उघडलं. बोल्टच्या दांड्यावर हात ठेवला.

"बाबा, धिस इज लेफ्ट-हँडेड."

"हो का? असेल."

"बाबा."

"सेल होता," काका खिडकीला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं नेमबाजीच्या मैदानावर गेलो. सहा-सात दाढीवाले बाकांवर बसून आपापली निशाणं टिपत होते. सगळ्यांच्या कानांवर हेडफोनसारखी जाड झाकणं. काकांनीही चढवली. केतकीनं रायफल खांद्याला लावली, आणि मान जराही न हलवता तिला दुर्बिणीत पूर्ण गोल दिसला असावा, कारण ती एकदम हसली. मग काडतूस भरायच्या आधी बोल्ट नुसता पुढे सारला आणि दांडा खाली दाबला.

दांडा अर्ध्यावर अडला.

तिनं मागे घेतला, पुन्हा सारला. पुन्हा अडला. "माप चुकलं," काका माझ्याकडे बघून म्हणाले. "सगळं चुकलं. मी बंद करून बघितलं होतं हो, दुकानात बसत होता. परत करू या. केतकी, राहू दे, तू तुझी जुनीच वापर..."

"बाबा, एक मिनिट." तिनं बोल्ट पूर्ण बाहेर काढला आणि आत टॉर्च मारला. मग सफाईची सळई घालून हलकेच टोचलं. तिच्या तळहातावर काहीतरी पडलं. कुंकवानं लाल झालेला तांदळाचा एक दाणा.

ती त्या दाण्याकडे बघत राहिली. मग बापाकडे. मग तिला असं हसू फुटलं की तिला रायफल बाकावर ठेवून खाली बसावं लागलं. "यू डिड पूजा? रायफलची?"

तेवढ्यात मैदानावर निशाणं बदलायला गोळीबार थांबला. सगळीकडे शांत झालं. काकांच्या कानांवर झाकणं तशीच होती, त्यामुळे आपला आवाज किती मोठा येतोय हे त्यांना कळत नव्हतं. त्या शांततेत, सहा-सात दाढीवाल्यांसमोर, ते ओरडूनच म्हणाले,

"केतकी, लहानपणी मी तुझा हात धरून ठेवायचो! तुला फार राग यायचा का गं?"

मराठी कोणालाच कळत नव्हतं, पण सगळी डोकी वळली. केतकीचं हसू थांबलं. ती उठली, काकांच्या जवळ गेली, त्यांच्या एका कानावरचं झाकण उचललं आणि कानाशी तोंड नेऊन बोलू लागली. बराच वेळ बोलत होती. ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. काकांचा दुसरा कान बंदच होता, त्यामुळे त्यांचं मात्र सगळं ऐकू आलं.

"हो!" काका ओरडले.

मग, "हो गं. चुकलंच माझं!"

मग बराच वेळ नुसती मान हलत होती. एकदा त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला आणि परत लावला.

"नोव्हेंबरात? मी? मी काय करू तिथे?"

केतकी आणखी काहीतरी म्हणाली.

"एरिकच्या आईला चालेल का पण?... बरं!... येतो म्हटलं ना! पण खिचडी मी करणार. तिथे गॅस आहे का, तेवढं विचारून ठेव!"