थोरल्या सरकारांचे चार दात

श्रीएकदंतास नमन. ज्याचा दात मोडला परंतु उरलेला उपटावयास कोणी धावला नाही, त्या देवाचे स्मरण करून हा वृत्तांत लिहिला. शके सतराशे, विलंबी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. राज्य कोणते, ते लिहिण्याचे प्रयोजन नाही. थोरले सरकार तापाने कैलासवासी होऊन तीन महिने जाहले होते आणि गादीवर त्यांच्या कन्या अंबूबाईसाहेब बसल्या होत्या. बाईसाहेबांनी दरबारात डोळ्यास पदर लाविला नाही, दात आवळून कारभार पाहिला, आणि समाचारास येईल तो मनुष्य धीर धरावा म्हणून सांगे, मग बाईसाहेब दात आणखी आवळीत. मग एके दुपारी भाकरीचा पापुद्रा उजव्या दाढांखाली आला आणि ऐसी कळ उठली की हातचा घास ताटात पडला.

त्या राज्याचा दस्तुर ऐसा की, दात दुखला तर सरकारांनी बोट ठेवावे आणि राजवैद्यांनी तो दात काढावा. सरकारांचे बोट चुकते ऐसे म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. या दस्तुरापायी थोरल्या सरकारांचे एका वर्षात चार दात गेले. पहिला काढिला, कळ राहिली. मग दुसरा, मग तिसरा. चौथा गेला तेव्हा कळ थांबली, परंतु त्या बाजूस चावावयास काही उरले नव्हते, आणि शेवटले दिवस त्यांनी मऊ भातावर काढिले. चारही वेळा दिवा बाईसाहेबांनीच धरिला होता, आणि चारही वेळा, "आबा, काढून टाका, सुटाल," ऐसे त्याच बोलिल्या होत्या. ते दात चांदीच्या करंड्यात घालून त्यांनी आपल्या उशाशी ठेविले होते.

आता कळ त्यांच्याच जबड्यात आली आणि दरबारास ऊत आला. कोणी लवंग धाडिली, कोणी हिंग, कोणी तुरटी, आणि फडणीसांच्या मातोश्रींनी कापूर धाडून वर निरोप दिला की आमचे ह्यांस यानेच गुण आला. ते ‘हे’ तोंडाचे बोळके होऊन वारले होते, ही गोष्ट निरोपात नव्हती. मग राजवैद्य धुंडिराजशास्त्री आले आणि त्यांनी चांदीच्या सळईने दात वाजविले, कीड नाही, सूज नाही, सबब दाढ धड आहे आणि दुःख मनाचे आहे ऐसा निर्णय दिला. तथापि आज्ञा असेल तर बोट ठेवावे, काढून देतो, म्हणाले.

बाईसाहेब म्हणाल्या, "शास्त्रीबुवा, आज इथे दुखते, उद्या शेजारी. कोणती ते मला कळत नाही. तुम्हांस कळावे म्हणून तुम्हांस वतन आहे."

शास्त्री पुन्हा दात वाजवू लागले.

मग दासीने वेशीवरून चिमा वैदीण आणिली. ही गावोगाव फिरून दातदुखीचे इलाज करी. ती पायरीवर बसली आणि तिने विचारिले, "बाई, चावताना दुखतंय का सोडताना?"

इतक्या मंडळींत हे कोणी विचारिले नव्हते. बाईसाहेबांनी आठवून पाहिले आणि सोडताना, म्हणाल्या. मग चिमाने निंबाची काडी एकेका दाढेच्या एकेका उंचवट्यावर ठेवून दाबविली आणि सोडविली, आणि शेवटून दुसऱ्या दाढेवर काडी सुटताच बाईसाहेबांनी आसनाची कड धरिली. मग पडदे पाडून चिमाने बारीक दिवा आरशात घेतला आणि त्याचा उजेड दाढेच्या मागून पाडिला. अर्धी दाढ उजळली आणि अर्धी काळी राहिली, आणि मधोमध केसाएवढी फट होती.

कारभारी त्रिंबकपंत म्हणाले, सापडली तर आता उपटावी आणि मोकळे व्हावे.

"मोकळं व्हायची घाई तुम्हांला, पंत, दाढ बाईंची," चिमा म्हणाली. "फट मुळापातुर गेली असंल तर माझा इलाज न्हाई, काढावीच लागंल. न्हाईतर ऱ्हाईल. सहा आठवडं कळंल."

मग उंचवटा किंचित घासून सोनाराकडून पातळ कडे करविले आणि ते दाढेभोवती बसविले, की फट फाकू नये. डाव्या बाजूने जेवावे, सुपारी वर्ज्य. आणि चिमाने वर सांगितले, "व्हट मिटा, दात मिटू नका."

हेच कठीण गेले. अकराव्या दिवशी त्रिंबकपंत शेजारच्या राज्याचे समाचाराचे पत्र वाचीत होते, तेव्हा बाईसाहेबांनी आठवणीने दात सुटे केले, आणि सुटताच डोळ्यांतून जे पाणी आले ते थांबेना. पंतांनी पत्र पुरते वाचिले, धीर धरावा या वाक्यासुद्धा.

सहा आठवड्यांनी कळ गेली होती. चिमाने कडे काढून दाढेवर सोन्याचे टोपण घातिले. मग बाईसाहेबांनी करंडा तिच्यापुढे ठेविला. चिमाने एकेक दात शाईत बुडवून पुसला. एकावर फटीची काळी रेघ राहिली. तीन स्वच्छ निघाले.

बाईसाहेब म्हणाल्या, "दिवा मीच धरला होता."

"पुढून धरला होता, बाई. मागून धरायचा असतो हे तुम्हांला सांगणारं कुणी नव्हतं."

शास्त्री म्हणाले, दस्तुर तसा होता.

येणेप्रमाणे घडले. बाईसाहेबांची दाढ राहिली. काडी लाविल्यावाचून आणि मागून दिवा धरिल्यावाचून दात काढू नये, सरकारांचे बोट प्रमाण नाही, ऐसा हुकूम जाहला. करंडा पुन्हा उशाशी गेला. त्यातील तीन दातांस इलाज नव्हता, कारण त्यांस काही जाहलेच नव्हते.