पोटगीची जिलबी

लग्नघरी सुभद्राबाई आली की बायका तोंड फिरवून दुसरीकडे बघायच्या. ही सरळ नवरदेवाच्या बापापुढं उभी राहायची नि विचारायची, "उद्या पोरीले टाकलं तं पोटगी कोन देईन?" वाशीमच्या आमच्या गल्लीत तिला आमंत्रण देणं लोकांनी केव्हाच सोडलं होतं. ती बिनआमंत्रणाची जायची.

तिचं स्वतःचं लग्न पेरणीआधी लागलं आणि तूर घरात येईतो मोडलं. नवऱ्यानं, धनजच्या दामोदरनं, दुसरी बघून ठेवली होती. जातीच्या पंचांपुढं फारकत करून त्यानं हिला माहेरी आणून टाकलं. हिनं कोर्टात पोटगी मागितली तेव्हा त्याच्या वकिलानं हसत विचारलं, "बाई, संसार तरी असा किती केला तुम्ही?"

"विंचू चावायले किती टाइम लागते, वकीलसाहेब?"

कोर्ट हसलं. निकाल मात्र विरुद्ध गेला. पोटगी बायकोला, आणि फारकत झालेली ती बायको नव्हे, असा तेव्हाचा कायदा.

आणीबाणीच्या जरा आधी तो बदलला. आता फारकत झालेल्या बाईलाही पोटगी होती. फक्त तिनं दुसरं लग्न केलं की बंद. सुभद्राबाईनं पुन्हा अर्ज ठोकला. डाळमिलच्या मजुरीत तिचं पोट भरत नाही हे या वेळी कोर्टाला पटलं.

पण त्या पैशाचं तिनं कधी धान्य भरलं नाही. स्वतः कोरडी भाकर खाईल, पोटगीची जिलबीच आणेल. गल्लीभर वाटत फिरायची. "खा, मास्तर, खा! दामोदरच्या जिवावर हाये!" तिला ती जिलबी साखरेहून गोड लागायची. आमच्या घशाखाली मात्र उतरत नसे.

माझ्या बायकोनं एकदा धाडस केलं. इंझोरीचे पुंजाजी, विधुर, मितभाषी शेतकरी. त्यांना आमच्याकडे चहाला बोलावलं, सुभद्राबाईलाही.

पुंजाजी खाली बघत म्हणाले, "मले भाकर टाकायले बाई नाही पाह्यजे. भाकर येते मले. घरात बोलायले मानूस नाही."

"मंग रेडिओ घ्या."

मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

"मी लगन केलं तं धनजवाला सुटते," ती म्हणाली. "त्याले कायले सुटू देऊ?"

"त्याच्यापायी तुमी अडकून राह्यल्या ना, बाई," पुंजाजी हळूच म्हणाले. त्यांनी चहा संपवला, टोपी घातली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती आमच्या ओट्यावर येऊन बसली. बायको मेथी निवडत होती. हीही निवडू लागली. निवडता निवडता म्हणाली, "इंझोरीचं पानी कसं हाये वं?"

"गोड आहे म्हणतात. निरोप धाडू का?"

"नको वं. मी आपली इचारून राह्यली."

मेथी केव्हाच निवडून झाली होती. शेवटची काडी तिच्या हातात तशीच होती, आणि डाळमिलचा भोंगा वाजून गेला तरी सुभद्राबाई उठली नाही.