राँग नंबर, प्राचार्य!

इंदूमावशींना ऑफसाइड म्हणजे काय ते कधीच कळलं नाही. पण आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचा कुठला कोच कितपत लायक होता, हे त्या दिसेल त्याला फाटकात उभं करून ऐकवत.

गंगापूर रोडला माझ्या शेजारीच त्यांचं बैठं घर, आणि मागच्या भिंतीपलीकडे थेट कॉलेजचं मैदान. मावशींची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडण्यात गेली. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलंच तर "लाइन बिझी होती" म्हणायच्या. रिटायर झाल्या तरी एक्स्चेंज तोंडातून गेलं नव्हतं. दूधवाला जरा रेंगाळला की, "तीन मिनिटं झाली, आवरा!" आणि एखादी गोष्ट पटली नाही की "राँग नंबर!"

कॉलेजचा रौप्यमहोत्सव आला. टीमच्या आजवरच्या सीझनमधून सर्वांत उत्तम कोचिंगचा सीझन निवडायचा आणि त्या कोचला शाल द्यायची, असं प्राचार्यांनी ठरवलं. मी इतिहास शिकवतो, म्हणून टीमचा इतिहासही माझ्याच गळ्यात पडला. समितीची बैठक माझ्या व्हरांड्यात भरली. चहा यायच्या आत शेजारच्या भिंतीवर मावशींचं डोकं उगवलं. पलीकडे त्या स्टुलावर चढल्या होत्या.

"पगारे सरांचं नाव चाललंय," मी म्हणालो.

"शिट्टी फार. पोरांपेक्षा स्वतःच दमायचे."

"मग सुभेदार मोरे? त्यांनी कप आणला."

देवळाली कॅम्पच्या तोफखान्यातून निवृत्त झालेले सुभेदार अजूनही टीमला शिकवत होते. त्यांच्या नावावर कुणाचा आक्षेप असेल, असं आम्हाला वाटलंच नव्हतं.

"राँग नंबर! त्यांचा बॉलसुद्धा परवानगीशिवाय मैदान सोडत नाही. त्यात बघायचं काय? शाल द्यायची तर जाधवांना द्या."

जाधव सर वनस्पतिशास्त्राचे. एका वर्षी कोच मिळेना म्हणून प्राचार्यांनी त्यांना मैदानात ढकललं होतं. गवताची जात ते अचूक सांगायचे, गवतावर काय खेळतात ते मात्र पोरांनाच विचारायचे.

"मावशी, त्या वर्षी आपण सगळ्या मॅच हरलो!"

"हरले तर हरले. सीझन तोच," असं म्हणून मावशी स्टुलावरून उतरल्या.

शाल अर्थातच सुभेदारांना जाहीर झाली. समारंभाला मावशी इरकल नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. प्राचार्यांनी नाव पुकारलं, टाळ्या सुरू झाल्या, आणि ट्रंक कॉलवर कमावलेला तो आवाज माइकशिवाय हॉलभर घुमला, "राँग नंबर, प्राचार्य!"

टाळ्या थांबल्या. सुभेदारांनी स्टेजवरून हात जोडले. "बाई, माझं चुकलं काय तेवढं सांगा."

"तुमचं काही चुकत नाही, हीच तर तक्रार आहे!"

सगळा हॉल हसला. सर्वांत मोठ्याने सुभेदार हसले. मावशी मात्र हसल्या नाहीत.

परतताना मी त्यांच्याबरोबर चालत होतो. न राहवून विचारलं, "मावशी, जाधवांत एवढं काय पाहिलंत?"

त्या म्हणाल्या, "अरे, त्यांच्या पोरांना नेम नव्हता. रोज संध्याकाळी बॉल माझ्या अंगणात. तेव्हा मी नुकतीच रिटायर झाले होते. इतकी वर्षं कानात गावोगावची माणसं बोलायची, ती एका दिवसात बंद. घरात भांडं पडलं तरी बरं वाटायचं, काहीतरी वाजलं म्हणून. आणि मग ही चिखलाने माखलेली पोरं दारात. 'मावशी, बॉल!' मी ओरडायचे, ती हसायची. सुभेदार आले आणि पोरांना नेम आला. कप मिळाला. चांगलंच झालं म्हणा."

दुसऱ्या दिवशी मी हे सुभेदारांना सांगितलं.

त्या संध्याकाळी मी गच्चीवर होतो. प्रॅक्टिस संपून पोरं पांगली होती. सुभेदारांनी बॉल जमिनीवर ठेवला, चार पावलं मागे गेले, भिंतीकडे एकदा नीट पाहिलं आणि लाथ घातली. तोफखान्याचा नेम तो. बॉल भिंतीवरून गेला आणि मावशींच्या अंगणाच्या बरोबर मधोमध पडला.

"कोण रे मेलं ते!" आतून गर्जना झाली.

वळसा घालून सुभेदार फाटकाशी आले आणि टोपी काढून उभे राहिले. "मावशी, बॉल."

मावशी अंगणात आल्या. आधी त्यांनी सुभेदारांकडे पाहिलं, मग पायाशी पडलेल्या बॉलकडे. तो उचलून पदराखाली घेतला.

"कुठे गेलाय कोण जाणे," त्या म्हणाल्या. "शोधावा लागेल. तोवर आत येऊन बसा."